पाटी की टेप

टक्, टकटक, टक्. बास, एवढाच आवाज. पण कराळे सर करार कायदा सांगायला लागले, वर्गातली पेनं कागदावर चालायला लागली, की पहिल्या बाकावरून तो आवाज सुरू व्हायचा आणि मुलींच्या रांगेत चौथ्या बाकावर बसलेल्या जयमाला साळवेच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

आवाज होता भीमराजच्या पाटीचा. भीमराजला दिसत नव्हतं. चार वर्षांचा असताना गोवर निघाला, त्यात डोळे गेले. अंधशाळेत शिकला आणि येताना ही पाटी घेऊन आला. आपली लहानपणची दगडी पाटी नव्हे बरं का! ही पत्र्याची, बारीक बारीक खिडक्यांची, वहीसारखी बिजागरीवर उघडणारी. मध्ये जाड कागद घालायचा आणि टोचणीनं खिडकीखिडकीतून ठिपके पाडत जायचं. कागद उलटला की ते ठिपके बोटाला लागतात, आणि तीच अक्षरं. कागद जाडच लागतो. म्हणून नवीन साल लागलं की त्याची आई, भागिरथीबाई, देवळाली प्रवऱ्यातल्या त्यांच्या आळीत घरोघर फिरून जुनी कॅलेंडरं गोळा करायची. त्यामुळं भीमराज सिमेंटच्या नाहीतर खताच्या जाहिरातीच्या पाठीवर करार कायदा टोचत बसलेला असायचा.

आणि हा भीमराज जयमालाचा सख्खा भाऊ होता. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. हे तिनं वर्गात कुणाला कळू दिलं नव्हतं.

कसं जमलं म्हणाल, तर माणसाला लपवायचं असलं की सगळं जमतं. वर्गात मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला. हजेरी नंबरानं. आडनाव एक होतं, पण नगर जिल्ह्यात साळवे काय कमी आहेत? सकाळी नगरात माळीवाड्याच्या एस्टी स्टँडवर उतरल्यापासून ती त्याला धरून आणायची ते कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत. तिथं हात सोडायचा. "दादा, तू हो पुढं, मला जरा काम आहे." काम कसलं, डोंबल! रसवंतीच्या आडोशाला पाच मिनिटं उभं राहायचं, एवढंच काम. भीमराज काठी टेकत एकटा पुढं जायचा. कधी विचारलं नाही, रोज रोज काय काम असतं म्हणून.

बरं, ती कॉलेजात होती ती कुणाच्या जिवावर? बी.ए. झाल्यावर घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. वडील बन्सी साळवे साखर कारखान्यात फिटर. पोरगा वकील झालेला बघायचा ही त्यांची फार दिवसांची इच्छा. घरात बाबासाहेबांचा कोटातला फोटो, त्याच्याखाली बसून ते ही इच्छा बोलून दाखवायचे. पण पोरगा रोज नगरला जाणार कसा? तेव्हा भीमराजच म्हणाला होता, "आण्णा, जयूला बी घाला माझ्यासंगं. दोघं मिळून शिकू. ती नसंल तर मला न्हाई जमायचं." त्याला एकट्याला सगळं जमत होतं. हे जयमालाला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. लग्न पुढं ढकललं गेलं ते असं.

एवढं असूनही तिला लाज वाटायची. वाटायची म्हणजे वाटायची, ती काय सांगून येते? नगरच्या मुली इस्त्रीचे ड्रेस घालून, चेनच्या फाइली घेऊन यायच्या. ती त्यांच्यात बसायची, 'हाय' आणि 'न्हाई' गावात ठेवून 'आहे' आणि 'नाही' बोलायची. आणि नेमकं तेव्हाच पुढून टक्, टकटक, टक्.

एकदा कराळे सर बोलता बोलता थांबले. "कोण आहे रे? वर्गात सुतारकाम काढलंय का कुणी?"

भीमराज उठून उभा राहिला. "मी, सर. तुमचंच बोलणं कोरतोय."

सगळा वर्ग हसला, सरही हसले. भीमराजचं काही बिघडलं नाही. तो दोन दिवसांत निम्म्या वर्गाचा दोस्त झाला. पण मागच्या कुणीतरी त्याला 'सुतारपक्षी' नाव ठेवलं, आणि मधल्या सुट्टीत मुलींच्यात ते नाव आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी हसली कोण असेल तर जयमाला. आपण हसलो नाही तर कळेल, अशी भीती. शेजारी बसणारी अश्विनी तेवढी हसली नाही. अश्विनीचे वडील नगरच्या सावेडीत राहणारे नावाजलेले वकील, त्यामुळं जयमालाला तिचं फार अप्रूप. अश्विनीनं नुसतं तिच्याकडं बघितलं आणि डबा उघडला.

दिवाळीनंतर पाटीची बिजागरी निसटली. पत्रे एकमेकांवर बसेनात, ठिपके वाकडे पडायला लागले. जयमालाला आतून आनंद झाला. कबूल करायला जीभ धजणार नाही, पण झाला. आण्णा फिटर. त्यांना दाखवलं असतं तर जेवायच्या आधी दुरुस्त करून दिली असती. तिनं दाखवलीच नाही. उलट म्हणाली, "दादा, पाटी गेली आता. हल्ली सगळे टेप वापरतात. खिशात मावतो एवढा मिळतो. सर बोलतील ते जसंच्या तसं घरी."

"मला पाटीच बरी वाटते," भीमराज म्हणाला. "पुण्याहून दुसरी मागवू."

"बघून तर घे!"

चितळे रोडला नियाजभाईंचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. नियाजभाई पांढऱ्या टोपीतले, ठेंगणे, गिऱ्हाइकाला आधी चहा पाजणारे. त्यांनी दोन टेप काउंटरवर ठेवले. एक मोठा, धरायला दांडी असलेला, एक तळहाताएवढा. जयमालानं मोठ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लहान उचलला, कानाशी नेला आणि बटण दाबलं. खट्. बारीक आवाज, पण होता. "याहून कमी आवाजाचं बटण नाही का?" तिनं विचारलं.

नियाजभाईंना नवल वाटलं. "ताई, लोक विचारतात आवाज मोठा किती येतो. तुम्ही पहिल्याच, आवाज नको म्हणणाऱ्या." मग भीमराजकडं वळून म्हणाले, "वापरणार तुम्ही ना, भाऊ? तुम्हाला काय पाहिजे ते बोला."

भीमराजनं टेप हातात घेऊन चारी बाजूंनी चाचपला. "नियाजभाई, पाटीवर काय होतं, मी ऐकतो आणि कामाचं तेवढं टोचतो. वर्गातून उठलो की माझी वही तयार. टेप नेला की मला घरी येऊन परत सगळा तास बसावं लागणार. ऐकायचं, थांबवायचं, मग टोचायचं."

"बरोबर आहे तुमचं," नियाजभाई म्हणाले. "आणि टेप निवडत नाही हो. खोकला, बाकाची करकर, पोरांची कुजबुज, सगळं धरतो."

"पण वर्गाला त्रास होतो, दादा!" जयमाला एकदम बोलून गेली.

"कुणाला होतो?"

"सगळ्यांनाच होतो."

टेपचं बटण भीमराजनं दोनदा दाबून बघितलं. नियाजभाईंनी चहाचा कप त्याच्या हाताला लावत विचारलं, "या कोण तुमच्या?"

"बहीण माझी. वर्गात लांब बसते, पण गुणाची आहे." तो हसला आणि म्हणाला, "द्या, हा लहानच द्या."

टेप आला. घरी आण्णांनी मोडकी पाटी कोनाड्यात बघितली, खिशातनं पक्कड काढली, आणि दहा मिनिटांत बिजागरी बसवून भीमराजच्या हातात दिली. "येवढंच व्हय? आदी का न्हाई सांगितलं?" जयमाला चुलीशी वळून भाकरी थापत राहिली.

त्या दिवसापासून वर्ग शांत झाला. भीमराज टेप सरांच्या टेबलावर ठेवायचा, आणि संध्याकाळी घरी कानात इयरफोन घालून, मांडीवर पाटी घेऊन टकटक करत बसायचा. दोनदोन तास. पूर्वी संध्याकाळी तो आळीतल्या पोरांना गणितं शिकवायचा, ते बंद पडलं. जयमालाला हे दिसत होतं. पण तिला वर्गात मान वर करून बसता येत होतं ना, मग झालं तर!

जानेवारीत भीमराजला ताप भरला. अंग नुसतं फणफणलेलं. तरी सकाळी उशाचा टेप काढून त्यानं तिच्या हातात दिला. "आज सर करार रद्दबातल कधी होतो ते घेणार हाईत. परीक्षेला हमखास येतं. तेवढं आण, जयू."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. इयरफोन मात्र त्याच्या उशालाच राहिला.

टेप घेऊन गेली खरी, पण तिच्यापुढं पेच पडला. सरांच्या टेबलावर टेप ठेवायला जायचं म्हणजे सगळ्या वर्गादेखत जायचं. ते शक्य नव्हतं. बाकावर ठेवायचा म्हटलं तर सर बोलायला लागल्यावर शांततेत खट् वाजणार, सगळ्या माना वळणार. मग तिनं युक्ती केली. सर यायच्या आधी, वर्गात गलका चालू असतानाच, बटण दाबून ठेवलं, टेप ओढणीखाली बाकावर सरकवला आणि पेन काढून बसली. आपल्याच हुशारीवर खूश.

अश्विनी आली, बसली, आणि ओढणीची कड उचलून बघितली. "अगं, हा भीमराजचा टेप ना?"

"हं."

"तुझ्याकडं कसा?"

"आजारी आहे तो. म्हणून दिला."

अश्विनीनं हळूच विचारलं, "जयमाला, भाऊ ना तुझा तो?"

इथं तिनं 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण मागच्या बाकावरच्या दोघी पुढं वाकल्या होत्या, आणि जयमालाच्या तोंडून भलतंच निघालं. "छे गं! गावचा आहे आमच्या. आडनाव एक म्हणून काय भाऊ होतो का? आईला दया येते त्याची, ती मागं लागली म्हणून आणला टेप. नाहीतर कोण आणतंय? सारखी कटकट त्याची." आणि वर हसलीसुद्धा. मागच्या दोघींनाही हसवलं.

अश्विनीनं ओढणीची कड परत टेपवर सारखी केली. तेवढ्यात कराळे सर आले. तासाच्या मध्यावर टेप थांबला, तेव्हा जयमालानं ओढणीखालीच कॅसेट उलटी घातली आणि सर फळ्याकडं वळल्यावर खोकून बटण दाबलं. तास संपला. सगळं नीट पार पडलं म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

परतीच्या एस्टीत खिडकीशी बसली आणि एकदम तिच्या तोंडचं पाणी पळालं. बटण आपण सरांच्या आधी दाबलं होतं!

म्हणजे ते सगळं आत होतं. 'छे गं' होतं, 'दया येते' होतं, हसणं होतं. आणि हे सगळं घरी गेल्या गेल्या भीमराज कानात घालून ऐकणार होता. त्याच्या कानाला सुई पडलेली कळते.

मग सुचलं. टेपवर दुसरं काही भरलं की आधीचं पुसलं जातं. तिनं घाईघाईनं कॅसेट मागं फिरवली, अगदी सुरुवातीला आणली, आणि बटण दाबून टेप मांडीवर धरला. भरू दे एस्टीचा आवाज! चांगलं दहा मिनिटं भरू दे. इयरफोन नव्हता, म्हणून ऐकून बघायचीही सोय नव्हती. शेजारच्या बाईसमोर मोठ्यानं कसं लावणार? शेजारी आळीतलीच रंगुबाई होती, नगरहून बांगड्या भरून निघालेली.

"काय गं जयमाला, भीमराजचा ताप उतरला का?" रंगुबाईनं विचारलं.

"सकाळी होता."

"अन् तू त्येच्यासाठी येकटी कालिजात गेल्तीस? बाई बाई! मी तर साऱ्या आळीत सांगती, बहीन असावी तर अशी. डोळ्यात तेल घालून भावाला जपती."

जयमाला खिडकीबाहेर बघत राहिली. टेप मांडीवर फिरत होता. विळदचा घाट उतरून एस्टी सपाटीला लागली तेव्हा तिनं बटण बंद केलं.

घरी भीमराज उठून बसला होता. ताप उतरणीला लागलेला. तिनं टेप दिला आणि निर्धास्तपणे चुलीशी जाऊन बसली. भागिरथीबाई पीठ मळत होती. भीमराजनं कॅसेट चाचपून सुरुवातीपासून लावली, इयरफोन घातला, पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ टकटक आलीच नाही. तिला वाटलं, एस्टीचा आवाज चालला असेल, पुढं सर येतील. मग टकटक सुरू झाली, ती अर्धा तास चालली. मग थांबली. खट् वाजलं, कॅसेट उलटली.

थोड्या वेळानं भीमराज आतून म्हणाला, "जयू, दुसऱ्या बाजूला सर न्हाईत गं. नुसती एस्टी हाय. अन् रंगुबाई."

जयमालाचा हात तव्यावरच राहिला. कॅसेट आपण वर्गात उलटी घातली होती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पुसायची ती बाजू राहिली, आणि नको ती पुसली.

"पहिली बाजू चांगली आली," भीमराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "पहिल्या बाजूला सगळं आलंय."

"भाकर करपली की गं!" भागिरथीबाई ओरडली.

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. त्यानं आण्णांना सांगितलं तर? आण्णा एक शब्द बोलले नसते, पण दुसऱ्या दिवशी तिचं कॉलेज बंद झालं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. भीमराजनं सांगितलं नाही. ताटावर बसून तो आण्णांना कारखान्याच्या बॉयलरचं काय झालं ते विचारत होता. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

दोन दिवसांनी तो बरा होऊन कॉलेजला निघाला. पिशवीत टेप नव्हता, पाटी होती. रसवंतीच्या कोपऱ्यावर तिनं हात सोडायच्या आत त्यानंच सोडवून घेतला. "तू ये सावकाश," म्हणाला आणि गेला.

मधल्या सुट्टीत तो काठी टेकत मुलींच्या बाजूला आला. चौथ्या बाकाशी थांबला. आजवर तो तिकडं कधी आला नव्हता.

"साळवेबाई आहेत का इथं?" त्यानं विचारलं.

बाई! तिला कुणी अजून बाई म्हटलं नव्हतं. "आहे," ती कशीबशी म्हणाली.

"परवा तुम्ही माझ्यासाठी टेप करून आणलात. तुम्हाला उगाच त्रास झाला. तुमच्या आईंनाही सांगा, आभारी आहे म्हणून." त्यानं मान लववली आणि वळून निघून गेला. चालताना एका बाकाला गुडघा लागला, तो चोळत पुढं गेला.

अश्विनी खाली बघून डब्याचं झाकण लावत होती. जयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्ख्या भावानं तिचं खोटं उचलून धरलं होतं, तिला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. उठून त्याच्या मागं पळावं, सगळ्यांदेखत 'दादा' म्हणून हाक मारावी, असं तिच्या मनात आलं. आलं, आणि ती बसून राहिली. तेवढीसुद्धा हिंमत झाली नाही. तास सुरू झाला, टक्, टकटक, टक् सुरू झालं, आणि पहिल्यांदाच तिला तो आवाज थांबू नये असं वाटलं.

एस्टीत ती त्याच्या शेजारी बसली. गाडी नगरबाहेर पडली. शेवटी तिला राहवेना.

"दादा, मला अहो-जाहो करू नको."

"विळदचा घाट उतरला की न्हाई करत," भीमराज म्हणाला. "घाटाच्या अल्याड नगर. तिथं तुला जे बरं वाटंल ते."

"मला रागाव ना रे!"

"रागावून काय करू? मला दिसत न्हाई, पण लाजंचा आवाज ऐकू येतो गं. रसवंतीजवळ तुझा हात घामानं भिजतो. वाईट वाटलं. खोटं का बोलू? लई वाईट वाटलं."

ती रडायला लागली. लोक बघायला लागले. त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"त्या दिवशीचं तू... काय काय टोचलंस?" तिनं विचारलं.

"सरांचं तेवढं टोचलं. बाकीचं सोडलं. म्हणून तर मला पाटी बरी वाटते." आणि मग म्हणाला, "कॅसेटवर रेडिओची गाणी भरून घेतलीत. आता कुठंच न्हाई ते."

दुसऱ्या दिवशी रसवंतीच्या कोपऱ्यावर तिनं हात सोडला नाही. भीमराज थबकला. "काम न्हाई का आज?" "न्हाई," ती म्हणाली, अगदी गावातल्यासारखं. दोघं फाटकातून आत गेले, पायऱ्या चढले, वर्गात शिरले. मुलग्यांच्या रांगेतल्या पहिल्या बाकावर तिनं त्याला बसवलं, पिशवीतून पाटी काढून दिली, कॅलेंडरचा कागद पत्र्यात नीट बसवून दिला. वर्ग निम्मा भरलेला. तिला वाटलं, आता सगळे टकामका बघणार, कुजबुज होणार, कुणीतरी हसणार.

कुणी बघितलं नाही. एक जण फळा पुसत होता, तो "काय भीमराज, ताप गेला का?" एवढंच म्हणाला आणि पुसत राहिला.

ती चौथ्या बाकाशी गेली. अश्विनी बसली होती, मागच्या दोघीही. रात्रभर जे वाक्य पाठ केलं होतं ते जयमाला बोलली. "अश्विनी, मी त्या दिवशी खोटं बोलले. भीमराज माझा भाऊ आहे. सख्खा. मोठा."

"माहीत आहे," अश्विनी म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. सगळ्या वर्गाला माहीत आहे. तू रसवंतीजवळ थांबलेली असायचीस तेव्हा त्यानंच येऊन सांगितलं. म्हणाला, चौथ्या बाकावरची माझी बहीण आहे, हुशार आहे, फक्त ती जरा लाजते. तिच्यापुढं कुणी विषय काढू नका, आपण होऊन सांगेल ती."

म्हणजे ती 'सुतारपक्षी' म्हणून हसली तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आणि मागच्या दोघी, त्या कुणाला हसत होत्या? जयमालाला त्यांच्याकडं वळून बघवेना.

"मग त्या दिवशी विचारलंस कशाला?" तिनं विचारलं.

अश्विनी कावरीबावरी झाली. "तो आजारी, आणि तू त्याचा टेप घेऊन आलेली. म्हटलं, आता तरी हो म्हणशील."

कराळे सर आत आले. सगळे उठले, सगळे बसले. जयमाला खाली मान घालून बसली. पुढून टक्, टकटक, टक् सुरू झालं, आणि तिच्याशिवाय वर्गात कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.